प्रयोगशाळेतले आजोबा

घरात तिला सगळे जंतूबाई म्हणत. नाव दिराने थट्टेत ठेवलं, मग ते सासूबाईंच्या तोंडात बसलं, आणि आता तर धड बोलता न येणारी पुतणीसुद्धा तिला जंतूकाकू म्हणायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर आतून तोराच होता. जुलाब कोणत्या जंतूंमुळे होतात आणि त्यांतले कोण आता औषधाला दाद देईनासे झालेत, हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेत तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे दारात आलेला पाहुणा तिला आधी दोन न धुतलेले हात म्हणून दिसायचा, आणि मग माणूस म्हणून. पाण्याच्या पेल्याआधी साबण पुढे व्हायचा.

धाकट्या जावेशी तिचं वाकडं होतं असं नाही. पण धाकटी नखं वाढवायची. ती रंगवायची, फुंकर घालून वाळवायची आणि त्याच हातांनी पोरीला केळं कुस्करून भरवायची. जंतूबाईच्या डोळ्यांत ती नखं खुपत.

"अगं, नखाखाली काय काय बसलेलं असतं ते एकदा दाखवते तुला," ती म्हणायची.

"नका दाखवू ताई," धाकटी हसायची. "मग मला घास गिळवणार नाही."

आणि पोरगी आजारी पडली. आधी ताप, मग पोटात कळ येऊन ओरडणं, आणि सकाळी कपड्यांत रक्त आणि शेंबडासारखा चिकटा. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. जंतूबाईने मात्र बघताक्षणी ओळखलं. हा शिगेला, रक्ती आवेचा जंतू. हे जंतू पोटात मोजके गेले तरी पुरतात, त्यांना गर्दी लागत नाही. तिने पोरीला उचललं, दिराला गाडी काढायला लावली आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सगळ्यांना धीर दिला. इथपर्यंत तिचं काही चुकलं नाही.

चुकलं ते वॉर्डाच्या दारात. डॉक्टरांनी साधंच विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" धाकटी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात जंतूबाई म्हणाली, "बाहेरचं कशाला लागतंय? घरचंच पुरे आहे. हात बघा तिचे."

डॉक्टरांनी बघितले. नर्सने बघितले. सासूबाईंनीही बघितले, जणू ती बोटं त्यांना आजच दिसत होती. धाकटीने हात पाठीमागे नेले.

तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ निभावलं असतं. पण जंतूबाईला पुरावा लागायचा, तो तिच्या धंद्याचा भाग होता. पोरीच्या शौचाचा एक नमुना रुग्णालयाकडे गेला. दुसरा तिने स्वतः प्रयोगशाळेत नेला. परतताना जंतू वाढवायची एक प्लेट घेऊन आली. झाकणाची काचेसारखी चपटी डबी, आत जेलीसारखा थर. जेवणाच्या टेबलावर ती ठेवून ती धाकटीला म्हणाली, "पाचही बोटं टेकव. धुऊ नकोस, आहेत तशीच."

दीर म्हणाला, "वहिनी, आत्ता हे कशाला?"

"म्हणजे पुन्हा होणार नाही," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं, हेच त्यातलं वाईट.

धाकटीने बोटं टेकवली. पोलीस चौकीत अंगठा उठवावा तशी, मान खाली घालून. मग ती उठली, बाथरूममध्ये गेली, आणि बराच वेळ आतून नखं कापल्याचा आवाज येत राहिला.

त्या दिवसापासून पोरीला भरवायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण झालं खरं. वॉर्डात त्या पोरीच्या उशाशी बसायच्या आणि धाकटी दाराबाहेरच्या बाकावर. सलाईन लावलेला हात हलवत पोरगी 'आई' म्हणून रडायची. सासूबाई म्हणायच्या, "आई आहे ना बाहेर, तू बरी हो मग." जंतूबाईने हे दोनदा कानांनी ऐकलं आणि दोन्ही वेळा तिला वाटलं, चला, निदान घराला शिस्त लागली.

प्रयोगशाळेत प्लेटा उगवल्या. आधी तिने धाकटीच्या बोटांची प्लेट उजेडात धरली. पाच बोटांचे पाच ठिपक्यांचे पुंजके, पांढरे, पिवळसर. प्रत्येकाच्या कातडीवर असतात तसले निरुपद्रवी जंतू. शिगेलाचं नाव नाही. तिला थोडी निराशा वाटली. पुढे कित्येक दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या निराशेची.

पोरीच्या प्लेटवर मात्र तो होता. आता प्रश्न एवढाच, की कोणता. शिगेलाच्या अनेक जाती, आणि ओळखायची रीत सोपी: काचपट्टीवर एकेका जातीसाठी मुद्दाम बनवलेल्या रसाचा एक थेंब, त्यात जंतूंचा कण, आणि पट्टी हलवायची. ज्याचा रस त्यालाच चिकटतो. थेंबातलं पाणी दूध फाटल्यासारखं कण कण होतं. शहरात सापडणाऱ्या जातींचे रस तिने एकेक करून लावून बघितले. थेंब गढूळच राहिला.

पलीकडच्या टेबलावरचा टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, आता आजोबांचाच रस उरलाय."

तो हसला, तीही हसली. आजोबा म्हणजे प्रयोगशाळेतला पाळलेला जंतू. कुणा जुन्या रोग्याकडून कधीकाळी घेतलेला, थंड पेटीत जपलेला, नवा रस किंवा नवी जेली आली की तिची परीक्षा घ्यायला बाहेर काढायचा. हल्लीच्या रोग्यांत ती जात कुणी बघितली नव्हती. आजोबा घराबाहेर पडत नाहीत, असा तिथला जुना विनोद होता.

तिने गंमत म्हणून आजोबांचा रस घेतला. पट्टी हलवली. थेंब फाटला.

"प्लेट बदलली असेल," टेक्निशियन म्हणाला.

प्लेट बदलली नव्हती. तिने पुन्हा केलं, मूळ प्लेटवरून नवे ठिपके उचलून केलं. तिसऱ्यांदा करायच्या आधी पट्टीवर खूण करावी म्हणून तिने सवयीने हात मागे नेला आणि अंबाड्यातून पेन उपसलं.

आणि हात तिथेच राहिला.

काचेवर लिहायचं जाड पेन. काम करताना खिशात हात घालायला नको म्हणून ती ते अंबाड्यात खोचायची. हातमोजा घातलेल्या हाताने प्लेटवर लिहायचं, पेन केसांत, पुन्हा प्लेट. सगळी प्रयोगशाळा त्यावरून तिची चेष्टा करायची. पोरगी आजारी पडायच्या दोनच दिवस आधी नव्या रसाची परीक्षा होती आणि आजोबा बाहेर काढले होते. त्या संध्याकाळी ती तशीच घरी गेली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पोरीला मांडीवर घेतलं. पोरीने अंबाड्यातून पेन ओढलं, आणि ती लाडाने म्हणाली, "घे, काढ चित्र." पोरीने चित्र नाही काढलं. टोपण तोंडात घातलं, सगळी पोरं घालतात तसं. धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "ताई, ती चघळतेय हो ते." आणि जंतूबाई म्हणाली होती, "असू दे, माझं आहे."

ती स्टुलावर बसली. समोर दारावर सूचना लावलेली होती: आतली वस्तू बाहेर नेऊ नये, पेनसुद्धा. खाली सही तिचीच होती.

तिने प्रमुखांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. आज घरी सोडतायत."

"मग इथे आपण नियमाप्रमाणे कळवू, चौकशी होऊ दे. पण घरी कशाला? नमुन्यात नक्की काही ठरलं नाही, असं सांग. आपल्याकडच्या निम्म्या नमुन्यांचं तेच होतं. खोटंही नाही ते."

ते चांगले गृहस्थ होते आणि तिच्या भल्याचंच बोलत होते. घरी जाताना सगळा रस्ता ती तेच वाक्य मनात घोळवत होती. नक्की काही ठरलं नाही. किती गुळगुळीत वाक्य, कुठे अडत नाही.

घरी पोरगी खाटेवर बसलेली, वाळलेली, डोळे मोठे झालेले. सासूबाई चमच्याने भरवत होत्या. धाकटी दाराशी उभी होती, चौकटीच्या बाहेर. तिचे हात जंतूबाईने पहिल्यांदा नीट बघितले. नखं मांसापर्यंत कापलेली, आणि धुऊन धुऊन बोटांच्या सांध्यांवर कातडी फुटलेली.

"काय निघालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रयोगशाळेतलं निघालं," जंतूबाई म्हणाली. "तिथून आलेलं."

"म्हणजे तिथल्या कुणाच्या हातून?"

हीसुद्धा एक वाट होती. 'हो' म्हटलं असतं तर तो 'कुणी' आयुष्यभर बिनचेहऱ्याचा राहिला असता. तिने अंबाड्यावर हात ठेवला, तिथे आता काही नव्हतं, आणि म्हणाली, "मी आणलं. माझ्या पेनावरून. हिच्या तोंडात मीच दिलं. हिच्या आईच्या हातावर काही नव्हतं. प्लेटवर स्वच्छ आहेत तिचे हात."

सासूबाईंचा चमचा वाटीत राहिला. दीर उठला, खिडकीपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. आपल्यालाही कुणी चारचौघांत हात दाखवायला लावावं, असं तिला वाटत होतं. पण तसलं काही करायचं या घरात दुसऱ्या कुणाला सुचत नव्हतं. सुचलं होतं ते तिला एकटीला.

"मला माफ कर," ती धाकटीला म्हणाली. "मी तुझे हात..."

धाकटीने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती पोरीकडे बघत होती. मग तिने थोरल्या जावेकडे बघितलं, शाळेत बाहेर जायला परवानगी मागावी तसं, आणि हळूच विचारलं, "मग ताई, आता मी घेऊ का तिला?"

स्वतःच्या पोरीला. आणि विचारत कुणाला होती, तर तिला.

"घे," जंतूबाई म्हणाली.

पोरीने हात पुढे केले. धाकटी उंबरा ओलांडून आत आली, खाटेपर्यंत पोचली आणि थबकली. वळली. नळापाशी गेली. साबण घेतला आणि त्या फुटलेल्या बोटांना पुन्हा चोळू लागली, एकेक बोट, सांध्यांत, तळव्यावर, जंतूबाईने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलं होतं अगदी तसं. पोरगी खाटेवर हात पसरून रडत होती.

पुरे, राहू दे, उचल तिला, असं जंतूबाईला म्हणायचं होतं. पण भरवण्याआधी हात धुऊ नकोस, हे कोणत्या तोंडाने सांगायचं, ते तिला कळेना. पाणी वाहत राहिलं, आणि नळ बंद होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.