पाचव्या खिळ्यावरचा बिल्ला

चुनखडीच्या गुहा बघायला लोक कुठून कुठून त्या राष्ट्रीय उद्यानात यायचे. गुहेच्या दाराशी एक फळी होती. फळीवर नऊ खिळे, प्रत्येक खिळ्याला नंबराचा पितळी बिल्ला. आत जाणाऱ्या कामगाराने आपला बिल्ला खिशात घालायचा, वर आला की परत लावायचा. फळी भरली की रखवालदार आतले दिवे बंद करून दाराला कुलूप लावणार; म्हणून त्याचं नावच पडलं होतं कुलूपराव. नियम साधा. पण तीनशे पायऱ्या दहादा चढून पाय मोडले, की कसला आलाय नियम! वर जाणाऱ्याच्या हाती बिल्ला द्यायचा, ‘लाव रे, आलोच’. म्हणजे मागचा सावकाश चढून येईपर्यंत कुलूपराव आवराआवरीला लागायचा; अजून एक जण आत आहे, एवढं त्याला तोंडी सांगितलं की झालं. सगळेच करत.

त्या दिवशी वायरमनने आपला बिल्ला गाईडकडे दिला. गाईड त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. त्याने तो पाचव्या खिळ्याला लावला. मेहुणा अजून आत आहे हे सांगायला तो वळला, तेवढ्यात शेवटची बस दिसली आणि गडी पळत सुटला. झालं! भरलेली फळी बघून कुलूपरावने कुलूप घातलं. रात्री बहिणीने गाईडला फोन केला, हे आले नाहीत अजून. असतील उद्यानातल्या खोलीवर, जनरेटरचं काम निघालं असेल, असं हाच म्हणाला. दुसरा दिवस सुट्टीचा. तिसऱ्या दिवशी वायरमन खालच्या खड्ड्यात मरून पडलेला सापडला. विजेरी संपल्यावर चाचपडत निघाला असणार बिचारा.

खापर फुटलं कुलूपरावच्या डोक्यावर. फळी भरलेली होती हो, म्हणून तो घसा फोडून सांगत होता, ऐकतो कोण? गाईड तीन आठवडे मूग गिळून बसला. रोज बहिणीकडे जायचा, भाचीला मांडीवर निजवायचा. आणि बहिणीला आधार वाटायचा तो त्याचाच.

एका संध्याकाळी बहीण म्हणाली, उद्या चौकशीला माझ्याबरोबर चल. त्या रखवालदाराला आत टाकल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

गाईडने मांडीवर झोपलेल्या भाचीचं पांघरूण सारखं केलं.

“बिल्ला मी लावला होता,” तो म्हणाला.

तिने विचारलं, “आणि मी फोन केला तेव्हा?”

“जेवत होतो गं. लक्षातच आलं नाही.”

ती रडली नाही. तिने त्याच्या मांडीवरून झोपलेली पोर उचलली, पलीकडे भिंतीशी निजवली आणि मध्ये बसली.

“उद्या तिथे हेच सांग,” ती म्हणाली. “मग इकडे येऊ नकोस.”