भामाच्या पदराचा दोरा

गणू भगतानं भामाच्या तळहातावर राखेची चिमूट ठेवली, वर तांब्यातलं पाणी ओतलं आणि तिचा हात जांभळा झाला. बायका किंचाळल्या. तिच्याआधी अकरा जणींच्या हातावर राख आणि पाणी पडलं होतं. त्यांचे हात राखाडीच राहिले होते.

"खाडीचा मासा कोनी मारला, बगा!" भगत घुमत ओरडला. "आई खोटा बोलत नाय! चेटकिनीचा हात आई रंगवते!"

भगताच्या अंगात येणारी ही आई मोठी हुशार म्हणायची. बारा जणींतून तिनं नेमकी एकटी राहणारी विधवा शोधली.

पनवेलजवळच्या त्या कोळीवाड्यात महिनाभर मेलेले मासे काठाला लागत होते. वरच्या अंगाला कारखान्याचा नाला खाडीला मिळतो, पण नाल्याला कोण दगड मारणार? ते भामाला बसले. बुधाजी पाटील म्हणाला, "पुनवेच्या आत गाव सोड. नायतर पुढचा आमच्या हातात नाय."

पुनव नऊ दिवसांवर होती. पाचव्या दिवशी भामा कपाळाची चिघळलेली जखम घेऊन एसटी स्टँडजवळच्या माझ्या औषधाच्या दुकानात आली. मी जांभळ्या औषधाची बाटली उघडली तशी ती भिंतीला जाऊन चिकटली.

"हाच रंग, शेट! हाच!"

मी बाटली बंद केली. याच औषधाची कोरडी पूड गणूनं माझ्याकडून नेली होती, बैलाच्या जखमेसाठी म्हणून. खाडीवरच्या भगताकडे कुठला बैल, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही.

पण पुरावा कुठे होता? भगतानं तिला चिंच लावून हात घासायला लावले होते, आणि डाग गेल्यावर 'आईनं उचलून नेला' असं सांगितलं होतं. ज्या पदराला तिनं हात पुसला तो सात वेळा धुतलेला, पांढराशुभ्र. मी त्याचाच एक दोरा कापून माझ्या भाचीकडे, चारुताकडे नेला. ती मुंबईच्या एका संशोधन संस्थेत काम करते.

तिनं एका नळीत पिवळसर पाणी दाखवलं. त्यात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण होते. दोऱ्यातून उतरलेला अंश तिनं त्यात टाकला आणि लेसरचा किरण सोडला.

"मामा, प्रत्येक पदार्थ उजेड आपापल्या रीतीनं परत फेकतो. एरवी ती खूण फार मंद असते. पदार्थ या कणांना चिकटला की ती लाखपट वाढते."

कागदावर आलेखाची शिखरं उमटली. शेजारी तिनं माझ्या दुकानातल्या जांभळ्या पुडीचा तसाच काढलेला आलेख ठेवला. शिखराला शिखर जुळलं.

पुनवेच्या सकाळी आम्ही वाड्यात पोचलो, तेव्हा भामाच्या दारासमोर माणसं जमली होती.

मी आलेखाचा कागद वर धरला. "रेघोट्यांनी आई खोटी ठरते?" भगत हसला.

"आईनं उचलून नेलेला रंग अजून पदरात आहे," चारुता म्हणाली.

मी पुढे झालो. खरं सांगतो, तो कागद हातात नसता तर माझी छाती झाली नसती. "पाटील, गणूकडे बैल किती?"

"बैल?" बुधाजी गोंधळला.

"जखमी बैलासाठी यानं माझ्याकडून जांभळी पूड नेली."

भगत पिशवी आवळून मागे सरला. बुधाजीनं ती हिसकावली. आत राखेच्या दोन पुड्या निघाल्या. दिसायला सारख्याच. दुसरीतली चिमूट त्यानं स्वतःच्या तळहातावर घेतली आणि पाणी ओतलं.

त्याचा हात जांभळा झाला. राखेत कोरडी पूड दिसत नाही, ओली झाली की रंग सोडते. एवढाच तो चमत्कार.

भगताला पोलिसांच्या हवाली केलं. बुधाजी भामापुढे मान खाली घालून उभा राहिला. "चूक झाली."

भामानं कपाळाच्या पट्टीला हात लावला. "माज्या हाताचा रंग चार दिसांत गेला, पाटील. दगड उचलले त्या हातांचा कशानं जाईल?"

बुधाजीनं आपला जांभळा हात पाठीमागे नेला.

मासे अजून मरतात. उद्या दुसरा भगत येईल. प्रत्येक गावाला लेसर कुठून मिळणार? पण त्या दिवशी गर्दीतलं एक माणूस जरी म्हणालं असतं, 'थांब, तीच चिमूट माझ्या हातावर ठेव,' तरी पुरलं असतं. पुढच्या वेळी तुम्ही म्हणा. दगड उचलायच्या आधी म्हणा.