सरडेश्वराचा गळा

मारुतीच्या पारासमोर एवढी गर्दी, की बाया टाचा उंचावून एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. मध्ये प्रेमराजबाबा. पुढ्यात शेंदूर फासलेली पेटी, पेटीत सरडेश्वर.

"हा बालब्रह्मचारी! नुसत्या हवेवर जगतो! पोटात मुलगा असला तरच गळा लाल करतो!" बाबा गरजला.

गरोदर कुंदाबाईसाठी लालबुंद गळ्याचा सरडा बाहेर आला. जयजयकार झाला. मग यशोदाबाईंनी आपल्या गरोदर सुनेला, ज्योतीला, पुढे ढकललं. या खेपेला सरडा निघाला मातकट.

"मुलगी!" बाबाने पुडी काढली. "ही भुकटी घे. मुलीचा मुलगा होईल."

भुकटीला जळक्या रबराचा वास. ज्योतीने पुडी नाकापासून लांब धरली.

"खाई ले माय, बाबानी दिधेल शे," सासूबाई म्हणाल्या.

"थांब वहिनी!" नणंद कोकिळा पुढे आली. ती देवपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. "बाबा, मघाच्या सरड्याचे गाल फुगीर होते, पाठीवर मोठा तुरा होता. तो कुठे गेला?"

"ही माया आहे!"

"मग मायेला नैवेद्य दाखवू." तिने शाळेसाठी पकडलेले डब्यातले नाकतोडे पेटीपुढे सोडले.

"तो खात ना—" बाबा ओरडला.

मातकट सरड्याने नाकतोडा गट्ट केला. पेटीत खडखडलं, आतली फळी पडली आणि मागच्या कप्प्यातून लाल गळ्याचा सरडा उडी मारून बाहेर आला.

"बय माय! दोन शेतस!" कुंदाबाई ओरडली.

लाल्याने उंच जागा हेरली. ती नेमकी बाबाची जटा. तिथे चढून तो मातकटीकडे बघत दणादण जोर काढू लागला.

"काढा रे याला!" ब्रह्मचाऱ्याखाली बाबा किंचाळला. बाया हसून हसून वाकल्या.

ज्योतीही हसली. मग तिने विचारलं, "ताई, म्हणजे लाल तो नर?"

"हो. विणीच्या दिवसांत मादीला भुलवायला लाल होतो. मातकट ती मादी. ती मातीत खड्डा करून अंडी घालते. दोघं किडे-मुंग्या खातात. तुझ्या पोटाशी त्यांना काय देणंघेणं? बाबा हवा तो कप्पा उघडत होता. मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतानाच बापाच्या बीजावरून ठरतं. भुकटीने ते बदलत नाही. बाळाला अपाय मात्र होतो."

यशोदाबाईंनी पुडी हिसकावली आणि बाबापुढे धरली. "आधी तू खा!"

बाबा जटेवरच्या सरड्यासकट नदीकडे पळाला.

"माय," कोकिळा म्हणाली, "कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी पेटीच्या मागे जाऊन बघत जा."

यशोदाबाई खरंच पेटीमागे गेल्या. बाकीच्या बायाही त्यांच्यामागे गेल्या.