खाटकाचा ठोकळा आणि दुसरा घास

मी एक जुना ठोकळा आहे, मांस तोडण्याचा. नाक मुरडू नका मित्रांनो, आधी ऐकून तर घ्या!

इथिओपियातले देब्रे बिरहान हे माझे थंडगार गाव. डोंगरातल्या एका जुन्या झाडाचा मी बुंधा. खाटीक गेबेयहूच्या वडिलांनी मला पाठीवर वाहून दुकानात आणले. मरताना त्यांनी मुलाला एकच गोष्ट बजावली, "याला पाणी दाखवू नकोस, फुटेल." गेबेयहूने वडिलांचा शब्द कधी मोडला नाही. तो मला सुरीने खरवडायचा, वरून अरके नावाची घरची दारू शिंपडायचा आणि फडक्याने पुसायचा. आमच्याकडे ताजे गोमांस तिखटात बुडवून कच्चेच खातात. गिऱ्हाइके म्हणायची, "या ठोकळ्यावरचं मांस म्हणजे लोणी!" मी फुशारून जायचो. माझ्या अंगाला बोटभर खोल फट पडली होती, पण तिच्याकडे मीही काणाडोळा केला.

मग आला मोठा उपवास. पंचावन्न दिवस कोणी मांसाला शिवत नाही, त्यामुळे दुकान बंद. गोणपाटाखाली पडून मी सुकलो आणि फट आणखी रुंदावली. उपवास सुटायचा सण उजाडला तेव्हा दारात ही झुंबड! वजडी, म्हणजे जनावराची आतडी-कोथळा, तोडायची फळी मागच्या अंगणात असे. तिथवर जायला सवड कुणाला? गेबेयहूने वजडी माझ्यावरच बारीक केली, अरके शिंपडली, फडके फिरवले आणि त्याच जागी पाठीचे लुसलुशीत मांस ठेवले.

तेवढ्यात त्याची लेक मिहरेत सासरहून आली. तिला सातवा महिना होता. आमच्याकडे माया दाखवायची म्हणजे आपल्या हाताने घास भरवायचा. बापाने सगळ्यात चांगला तुकडा निवडला.

"बाबा, डॉक्टरीणबाईंनी कच्चं नको म्हणून सांगितलंय."

"अगं, हे काय बाजारातलं आहे? आपल्या दुकानातलं! अरकेनं पुसलाय ठोकळा. किड्याची काय बिशाद!"

बापाचा हात कसा परतवणार? तिने तोंड उघडले. एका घासाने दुरावा येतो म्हणतात आमच्याकडे, म्हणून त्याने लगेच दुसराही भरवला.

चौथ्या दिवशी मिहरेतला ताप चढला, पोटात कळा आल्या, शौचावाटे रक्त पडू लागले. तिला इस्पितळात नेले. आई वाचेल का, पोटातले बाळ वाचेल का, कुणालाच सांगता येईना. दुकानाला कुलूप लागले. गेबेयहू माझ्या शेजारी जमिनीवर बसून राहायचा आणि आपल्या हातांकडे बघत पुटपुटायचा, "मीच भरवलं पोरीला. नको म्हणत होती ती." मला सगळे ठाऊक होते, पण मला तोंड कुठे होते? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या फटीची लाज वाटली.

इस्पितळात नेल्याच्या सहाव्या दिवशी त्याची बायको येशीमेबेत धावतच आली. "अहो, उठा! ताप उतरला. रक्तही थांबलं. आणि बाळ अशा लाथा मारतंय, जणू आजोबांवरच राग काढतंय!" गेबेयहू हसता हसता रडू लागला. मित्रांनो, तेव्हा माझ्या मनावरचे केवढे ओझे उतरले म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या झेनेबेच नावाच्या सिस्टर दुकानात आल्या. त्यांनी केसातली पिन काढून माझ्या फटीत घातली. काळा, कुजका गाळ निघाला. तो त्यांनी गेबेयहूच्या नाकासमोर धरला.

"अरके पिऊन याला झिंग चढली असेल हो, स्वच्छ नाही झाला हा. आतड्यातले जंतू फटीत बसले, तिथून मांसाला लागले."

"वडिलांचा आहे, सिस्टर."

"मग घरी न्या, मान द्या. मांस मात्र ठेवू नका यावर."

आता दुकानात स्टीलचे टेबल आहे. वजडीची फळी वेगळी, तिची सुरीही वेगळी, आणि दर खेपेला साबण नि कढत पाणी. लोक चिडवतात, "गेबेयहू, खाटीक आहेस की धोबी?" तो म्हणतो, "धोबीच! आणि पोटुशी बाई, म्हातारं माणूस नि लेकरू, यांना मी कच्चं विकतच नाही." मित्रांनो, मांस लाल आणि ताजे दिसले म्हणून ते चांगलेच असते असे नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून हात, सुरी, फळी धुवा आणि मांस नीट शिजवा. वाडवडिलांचा मान राखा, पण त्यांच्या वस्तूंना पाणी दाखवायला लाजू नका.

माझा वरचा वीतभर भाग कापून काढला, मला पाण्याने घासले, उन्हात वाळवले. फुटलो नाही! आता मी घरात कॉफीच्या शेगडीपाशी बसायचे आसन आहे. मिहरेतला गुटगुटीत मुलगी झाली. सगळे सुखरूप पार पडले. तरी एक गोष्ट मला सलायची. त्या दिवसानंतर गेबेयहूने लेकीला कधी घास भरवला नाही आणि तिनेही कधी मागितला नाही.

पुन्हा सण आला. मिहरेत माझ्यावर बसली होती, मांडीवर तान्ही. गेबेयहूने चांगले खरपूस परतलेले मांस आणले, घास उचलला आणि त्याचा हात मध्येच थांबला. मिहरेतने बापाकडे पाहिले, पुढे वाकली आणि तोंड उघडले.

घास गिळून म्हणाली, "एकच? एका घासानं दुरावा येतो ना, बाबा?"

त्याने दुसरा भरवला.