पक्का हिरवा

माझ्या सासूच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला तोड नव्हती. आमचं घर कापड रंगवणाऱ्यांचं. खाली रंगाच्या कढया, वर आम्ही. तिने रंगवलेलं कापड आपटा, उकळा, थेंबभर रंग सुटायचा नाही. गिऱ्हाइकासमोर ती ओलं कापड पांढऱ्या रुमालावर घासून दाखवायची आणि रुमाल त्याच्या नाकासमोर नाचवायची.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत कळलं, की बाळाचं हृदय उजवीकडे आहे, जठर भलत्याच बाजूला आणि यकृत मधोमध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय चांगलं चालतंय, बाळ जगेल. पण आतडी जागच्या जागी धरलेली नसतील. त्यांना पीळ पडू शकतो."

सासू म्हणाली, "एक पोर धड होईना हिला. काढून टाक." नवरा कढई ढवळत राहिला. त्याचं मत विचारलं, की तो नेहमी कढईच ढवळतो. मी कुणाचंच ऐकलं नाही.

मुलगा झाला. सासू त्याला उफराट्या म्हणायची. शेजारणी आल्या, की त्याचं झबलं वर करून त्यांना उजवीकडे कान लावायला सांगायची आणि खो खो हसायची. असा राग यायचा! पण मी दातओठ खाऊन गप्प बसायचे. मला एकच गोष्ट सांभाळायची होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दूध बाहेर काढलं तर घाबरू नका. उलटी हिरवी झाली, तर असाल तशा धावत या." हे मी घरात सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं, की नवरासुद्धा वैतागला. आणि बाळाच्या गळ्याशी, अंगाखाली फक्त पांढरी कापडं ठेवली, डाग पडला की लगेच दिसावा म्हणून.

रंगाऱ्याच्या घरात पांढरं कापड म्हणजे अर्धवट टाकलेलं काम. सासूला ते बघवत नसे.

आधी पोर अगदी काडी होतं, दूध ओढतानाही दमायचं. मग हळूहळू बाळसं धरलं. मनगटाला वळ्या पडल्या. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजन बघून त्याचा गालगुच्चा घेतला. त्या दिवसापासून सासू विरघळली. मी पाठ फिरवली, की त्याचे मुके घ्यायची. मला वाटलं, चला, जिंकले एकदाची.

मग एकदा मी आणि नवरा तयार माल पोचवायला गेलो. बाळ तिच्यापाशी. संध्याकाळी परत आलो, तर दोरीवर त्याची सगळी कापडं वाळत होती. हिरवीगार.

"कढईत रंग उरला होता," सासू म्हणाली. "म्हटलं, माझ्या राजाला नटवावं. पांढऱ्यात मढ्यासारखा दिसायचा."

राजा! त्याला तिने पहिल्यांदाच राजा म्हटलं होतं. पोर पाळण्यात मलूल पडलं होतं, पोट टणक, गळ्याशी ओलं हिरवं कापड.

"आई, उलटी झाली का याला?"

"जरासं दूध काढलं. पांढरंच होतं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी पोराला उचललं आणि तशीच धावत सुटले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिरवी उलटी कधीपासून?" नवऱ्यासोबत मागोमाग आलेली सासू पुटपुटली, "दुपारी हनुवटी हिरवी दिसली. नंतरही दोनतीनदा. मला वाटलं, रंग सुटतोय. पुसून टाकली."

"मग सांगितलं का नाही आम्हाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझा रंग सुटला म्हणून ही हसली असती."

पोट उघडलं, तेव्हा आतडं पार काळं पडलेलं होतं. सकाळी तो गेला.

भेटायला येणाऱ्यांना सासू रडून सांगायची, "रंगच कच्चा निघाला हो. जन्मात एकदा फसले, आणि ते नातवाच्या बाबतीत." बायका तिची पाठ चोळायच्या. नवरा खाली कढई ढवळायचा. मी हे चार दिवस ऐकलं.

पाचव्या दिवशी मी पांढऱ्या घमेल्यात उकळतं पाणी आणलं, बायकांच्या मधोमध ठेवलं आणि त्यात बाळाचं एक हिरवं कापड बुडवलं. साबण लावून हात भाजेपर्यंत चोळलं. मग पिळलं. घमेल्यात साबणाचा फेस तेवढा होता. तो बाजूला केला, तर खालचं पाणी नितळ.

"बघा आई," मी म्हटलं, "तुमचा रंग सुटत नाही."

सासूने पाण्यात बोट घातलं, बाहेर काढलं, उजेडात धरून पाहिलं. मी ते कापड झटकून तिच्याच मांडीवर वाळत घातलं.