सर्वेपुरती चूल

सन २००२. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या सिहोऱ्यात दारिद्र्यरेषेचा सर्वे आला. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, असा सर्वेवाल्यांचा हिशेब. माझा मुलगा तुलाराम राइस मिलमध्ये पोती उचलायचा. पण घरावर कवेलूचं छप्पर, दाराशी सायकल. आपण गरिबात बसणार नाही, अशी त्याला धास्ती होती.

"माय, तुजी चूल येगळी दाखवू," तो म्हणाला. "म्हातारी, एकटी बाई. राशनचं पिवळं कार्ड पक्कं."

सून बेबीबाईने पडवीत माझ्यासाठी चूल घातली. ती कोरी दिसू नये म्हणून आतल्या चुलीची काजळी तिला फासत होती आणि हसत होती.

"चार दिवसाचं नाटक आहे, माय. मंग जेवू सोबतच."

तोवर तुलाराम मिलमध्ये गेला की आम्ही दोघी एकाच थाळीत जेवायचो. मला वांग्याची देठं आवडतात. बेबीबाई ती बोटांनी माझ्याकडे सरकवायची.

मोजणीला शाळेतले श्यामराव गुरुजी आले. त्यांनी चुलीला हात लावला. बोटं काळी झाली.

"आजी, येगळ्या रांधता?"

"हो."

"काहून? भांडण झालं काय?"

बेबीबाई दारातच उभी होती. मी तिच्याकडे न पाहता म्हटलं, "हो."

कार्ड माझ्या नावाचं आलं, तुलारामचं नाही. त्या तांदळात तिघांचं भागू लागलं. पण ज्यांची नावं राहिली ते तक्रारीला टपलेले, म्हणून माझ्या चुलीचा धूर रोज दिसायलाच हवा होता, जेवणही वेगळंच हवं होतं. शेजारची शकुनबाई कुडावरून म्हणायची, "काय गोदाबाई, इतकी गरीब सून, तिच्यासंगंही नाही पटलं तुमचं?" मी लाकूड पुढे सारत राहायचे.

एकटीचा भात नीट होत नाही, बुडाशी लागतो. भिंतीपलीकडे त्यांच्या थाळ्या वाजायच्या. चार दिवसांचं वर्ष झालं, मग दुसरं.

पोळ्याला बेबीबाईने जेवायला बोलावलं. पाट मांडला, तांब्या भरून ठेवला. वांग्याची देठं आठवणीने वाढली, पण पळीने.

"तूही बस न," मी म्हटलं.

"तुमचं होऊ द्या, माय. मी बसीन मागून."

पाहुण्यासारखी जेवून मी पडवीत परत आले.

श्यामराव गुरुजी पुढे रिटायर होऊन तुमसरला राहायला गेले. शकुनबाई वारली, कुडाच्या पलीकडे आता कोणी नाही. तुलाराम नागपुरात एका गोदामावर चौकीदार आहे, बेबीबाई त्याच्यासोबत. माझ्याकडे गॅस आला. कार्ड चालू आहे; राशन दुकानातल्या मशीनवर अंगठा कधी लागतो, कधी लागत नाही.

संध्याकाळी बेबीबाईचा फोन येतो.

"जेवल्या काय, माय?"

"जेवली."

"काय रांधलं?"

"वांगे."

मग विचारते, "देठं ठेवले न?"

"ठेवले," मी म्हणते.