तारूची पत, रेनोचा आकडा

रेनो हापालाने जन्मात कुणाचा एक डॉलर ठेवला नाही, आणि पुतणीलाही तेच शिकवलं. त्यामुळेच पोरीला घर मिळेना.

रेनोचं दुकान माझ्या दुकानासमोर. मी कॉफी आणि डोनट विकते, तो गळाला लावायचे बारके मासे आणि गांडुळं विकतो. दोघांची गिऱ्हाइकं तीच, त्यामुळे पिशव्यांची अदलाबदल होऊ नये एवढं जपावं लागतं. आमचं हेरिंग बे म्हणजे सरोवराच्या काठावरचं एवढंसं गाव. तारू लहान असताना तिचे आईबाप वेगळे झाले. बाप गेला ॲरिझोनाला, आई फ्लोरिडाला, आणि पोरीने सांगून टाकलं, "मी काकाकडे राहते." काकाने तिला मासा साफ करायला शिकवलं, सॉना म्हणजे वाफेची न्हाणी तापवायला शिकवलं, आणि उधारीला लांबूनच नमस्कार करायला शिकवलं. ट्रक घेतला तो रोखीने. छप्पर घातलं ते रोखीने. तारूने दात साफ करण्याचं शिक्षण घेतलं, त्याची फीसुद्धा त्याने रोख नेऊन भरली. कॉलेजातली बाई नोटा मोजताना सारखी नाकाला रुमाल लावत होती म्हणे.

कारण रेनो पैसे ठेवायचा गांडुळांच्या फ्रिजमध्ये, मातीच्या डब्यांत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. "चोर तिजोरी फोडेल," तो म्हणायचा, "पण गांडुळांत हात घालणार नाही." गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि खरंच कुणी हात घातला नाही.

तारूला डुलूथ शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली. रोज तास-दीड तास गाडी चालवायची, हिवाळ्यात तर विचारूच नका. म्हणून तिने शहरात, टेकडीवर, एक खोली बघितली. खिडकीतून सरोवर दिसत होतं, भाडं झेपण्यासारखं होतं. घरमालकीण क्रॅन्डलबाई खडूस, पण स्वच्छ. तिने तारूचं नाव-नंबर कॉम्प्युटरात घातला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"काहीच येत नाही गं तुझं."

"नाहीच येणार," तारू खूश होऊन म्हणाली. "माझ्यावर एका पैशाचं कर्ज नाही."

"कर्ज नाही ते ठीक. पण कधी घेतलंच नाहीस ना! घेतलं नाहीस, तर फेडतेस की बुडवतेस हे मला कसं कळणार?"

"पण मी कुणाचं बुडवलंच नाही."

"आधी घ्यायचं, मग बुडवायचं नाही, त्याला पत म्हणतात," बाई म्हणाली. "तू अजून पाण्यातच उतरली नाहीस आणि मला सांगतेस, मी बुडाले नाही."

तारू घरी आली ती तोंड पाडून. रेनो ऐकता ऐकता लाल होत गेला. आमच्या गावात हापालाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लाकूडवाला त्याला विचारत नाही, पेट्रोलवाला विचारत नाही. "माझ्या पुतणीला पत नाही?" तो म्हणाला. "बघतोच त्या बाईकडे!"

दुसऱ्या दिवशी तो डुलूथला गेला. तारू मागून धावली, "काका, नको ना रे, तमाशा होईल!" पण ट्रक सुरू झालेला पाहून तीही चढली. रेनोने क्रॅन्डलबाईच्या टेबलावर गांडुळांचा डबा ठेवला.

"घ्या बाई. वर्षाचं भाडं. मोजून घ्या."

बाईने झाकण काढलं. वर काळी माती. तिने दोन बोटांनी माती जराशी बाजूला केली, तर खालून नोटांच्या आधी दुसराच कुणीतरी वळवळत वर आला, आणि टेबलावर ठेवलेल्या करारावरून निवांतपणे सही करत गेल्यासारखा गेला. बाई खुर्चीसकट मागे सरकली.

"मिस्टर हापाला," ती म्हणाली, "मला भाडं हवंय, खत नकोय!"

"अहो, पैसे खाली आहेत. खरे आहेत."

"असतील. पण एवढे पैसे मातीतून काढून देणाऱ्या माणसाला मी काय समजू? तुमची पुतणी चांगली असेल, तुम्हीही चांगले असाल. मागच्या भाडेकरूलाही मी चांगलाच समजले होते, तो जाताना माझा गरम पाण्याचा बंब घेऊन गेला. आता मी पत मोजणाऱ्या त्या बँकवाल्या आकड्याशिवाय कुणाला चावी देत नाही. साडेसहाशेच्या वरचा आकडा आण, खोली तुझी." शेवटचं वाक्य तारूकडे बघून. मग म्हणाली, "आणि तो प्राणी घेऊन जा."

परतीच्या वाटेवर रेनो डबा शेजारी ठेवून ट्रक हळूहळू हाकत होता. मला वाटतं, त्याला रागापेक्षा दुसरंच काही लागलं होतं. गावाबाहेर तासाभरावर आपला शब्द चालत नाही, हे त्याला वयाच्या साठीनंतर कळत होतं.

तारू मात्र चिवट. ती बँकेत गेली. तिथे शेल्बी नावाची गोड मुलगी बसते, तिने समजावून सांगितलं. नवख्यांसाठी एक कार्ड असतं. आधी तीनशे डॉलर बँकेत ठेव म्हणून ठेवायचे, मग बँक तीनशेपर्यंत खर्च करू देते. दर महिन्याला थोडं वापरायचं, बिल आलं की वेळेवर पूर्ण भरायचं. सहा-सात महिन्यांत आकडा तयार होतो.

रेनो बाजूला उभा होता. "थांब थांब. म्हणजे आपलेच पैसे तुमच्याकडे ठेवायचे, आणि मग तेच तुमच्याकडून उसने घ्यायचे?"

"तसंच काहीसं, काका."

"याला आमच्याकडे येडेपणा म्हणतात."

"आमच्याकडे सुरुवात म्हणतात," शेल्बी म्हणाली. "तुमचं स्वतःचं काय आहे बघू?" तिने बघितलं आणि तिला हसू आवरेना. "काका, तुम्हीसुद्धा कॉम्प्युटरात नाही आहात! आजच जन्मलेल्या बाळासारखी पाटी कोरी."

रेनोने तारूकडे बघितलं. पोरगी तीनशे डॉलर हातात घेऊन उभी, ओठ घट्ट मिटलेले. "दोन कार्डं दे," तो म्हणाला. "पोर एकटी कर्जात जाणार नाही."

आणि मग सुरू झाला तमाशा.

रेनो माझ्याकडे आला, डोनट घेतला आणि कार्ड पुढे केलं. मी म्हटलं, "अरे, एका डोनटसाठी? मशीनवाला माझ्याकडून कापून घेतो!" तर म्हणे, "मला उधारी करायचीय, गुपचूप कर." डोनट त्याने खाल्ला, पण घास काही गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी हा दारात हजर. "शेल्बी, कालच्या डोनटचे पैसे घे. मला काल झोप लागली नाही." त्यानंतर रोज हेच. डोनट इथे खायचा आणि पैसे फेडायला वीस मैल जायचं. डोनटपेक्षा पेट्रोल महाग पडत होतं.

शेवटी शेल्बीने त्याला खुर्चीवर बसवलं. "काका, तुम्ही बिल निघायच्या आधीच फेडता. मग तुम्ही उधारी केली होती हे कुणाला कळणारच नाही."

"कुणाला कळू नये हाच तर मुद्दा आहे!"

"नाही ना! कळलं पाहिजे. थोडं देणं राहू द्या, बिल येऊ द्या, मग भरा. तोवर घरी बसा. इकडे येऊ नका."

"म्हणजे मी तोंड काळं करून गावात फिरायचं?"

"डोनट खाऊन फिरायचं," शेल्बी म्हणाली.

तारूचं उलट. ती शहाणी पोर, पेट्रोल कार्डावर भरायची, बिल येताच चुकतं करायची. पण थंडी पडली, गाडी बर्फावर घसरायला लागली, तेव्हा तिने एका फटक्यात कार्डावर टायर घेतले. तीनशेतले जवळजवळ सगळे संपले. बिल आलं तसं भरलं. तिला वाटलं, झालं. पण आकडा निघाला नेमका त्याच महिन्यात. कार्ड काठोकाठ वापरणारा माणूस अडचणीत असावा असं त्या आकडेवाल्यांना वाटतं म्हणे. तारूचा आकडा आला सहाशे अडतीस.

आणि रेनोचा? सहाशे एक्याण्णव! वर्षानुवर्षं उधारीला शिव्या घालणारा माणूस, निव्वळ डोनटच्या जोरावर.

त्याने दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'बारके मासे, डझनाला चार डॉलर. गांडुळं, ताजी. रेनो, ६९१.'

"काका, पूस ते!" तारू ओरडली.

"का? गिऱ्हाइकांना कळायला नको, कुणाकडून मासे घेतोय ते?"

मासे पकडायला आलेला प्रत्येकजण विचारायचा आणि हा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा. तारूला उपदेश तर किती! "मी तुझ्या वयाचा असताना..." तारू म्हणाली, "माझ्या वयाचा असताना तुझा आकडा शून्यसुद्धा नव्हता." तरी ती मनातून खट्टू झाली होती. साडेसहाशेला बारा कमी पडले, टायरपायी. क्रॅन्डलबाईला तिने फोन करून खरं ते सांगितलं. बाई म्हणाली, "दुसरा कुणी आला नाही तर वसंतापर्यंत थांबते." एवढंच. पण तारूने फोन ठेवला तेव्हा तेवढ्या आशेनेही तिचे गाल लाल झाले होते.

इकडे रेनोला पत्रं यायला लागली. आकडा तयार झाला की दहा कंपन्यांना वास लागतो. 'प्रिय रेनो, तुमची खास निवड झाली आहे.' 'रेनो, आम्ही तुमची वाट पाहतोय.' त्याला वर्षभरात वीजबिलाशिवाय काही येत नसे. तो पत्रं घेऊन माझ्याकडे यायचा आणि मोठ्याने वाचायचा. मी म्हटलं, "अरे, हे छापलेलं असतं." तर म्हणे, "माझं आडनाव बरोबर लिहिलंय. हापालातल्या 'हा'ला दोन ए घालून."

एका आठवड्यात त्याने तीन कार्डांचे अर्ज भरले. एका दुकानाने कार्डाबरोबर टोपी दिली. दुसऱ्याने थंड पेटी दिली, मासे ठेवायची. तिसऱ्याने घोंगडी दिली आणि वर नावेचं नवं इंजिन हप्त्याने दिलं. जुनं इंजिन चांगलं चालत होतं.

तारू शनिवारी दुकानात आली, तर काका नवी टोपी घालून घोंगडीवर बसलेला, शेजारी इंजिन.

"हे काय आहे?"

"फुकट मिळालं."

"इंजिनसुद्धा?"

"इंजिन... महिन्याला थोडं थोडं."

तारूने फोनवर त्याचा आकडा बघितला आणि त्याच्यापुढे धरला. सहाशे बेचाळीस. रेनोने चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. "मी तर कुणाचं बुडवलं नाही अजून!"

"पण एकदम तीन दारांवर जाऊन उसने मागितलेस! लोकांना वाटतं, ह्याच्या घरात काहीतरी जळतंय." मग तिने कमरेवर हात ठेवले, अगदी त्याच्यासारखेच. "तू मला काय शिकवलंस रे लहानपणी? आणि तू टोपीवर विकला गेलास?"

मी कॉफी घेऊन त्याच्या दारात आले होते, ती तिथूनच पळून जायच्या बेतात होते, कारण हापालांचं भांडण म्हणजे ताटं फुटतात. पण रेनो नुसताच टोपी हातात फिरवत बसला.

"तू जाणार ना आता," तो शेवटी म्हणाला. "घरात कुणी नावाने हाक मारायला राहत नाही. ते लिहीत होते, प्रिय रेनो म्हणून. मला ठाऊक होतं गं छापलेलं आहे ते. एवढा काही मी खुळा नाही."

तारू घोंगडीवर त्याच्याशेजारी बसली. तिने इंजिनावर हात फिरवला आणि विचारलं, "किती ताकदीचं आहे?"

"पंधरा घोड्यांचं."

"आपल्या नावेला? अरे, ती उडेल!"

दोघं हसत सुटली ती इतकी, की एक गिऱ्हाईक गांडुळं न घेताच परत गेलं.

सोमवारी तारू त्याला घेऊन गेली, इंजिन परत केलं. दुकानदाराने कुरकुर केली, तेव्हा तिने दातांच्या बाईचा आवाज काढला, तो ऐकून माणूस आपोआप तोंड उघडतो. तिन्ही नवी कार्डं वापरायची नाहीत असं ठरलं. टोपी मात्र रेनोने ठेवली. फळ्यावरचा आकडा त्याने स्वतःच पुसला.

तारूने पुढचे महिने कार्डावर फक्त थोडं पेट्रोल घातलं. बर्फ वितळायला लागला तेव्हा तिचा आकडा सहाशे शहात्तर झाला. क्रॅन्डलबाईने कॉम्प्युटरात बघितलं, "हं" म्हणाली, आणि चावी दिली. बाईच्या तोंडून "हं" म्हणजे बँडबाजा, असं नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं.

सामान फार नव्हतंच. गादी रेनोने डोक्यावर घेतली आणि तीन जिने चढला, वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. खोलीत खिळे ठोकले, नळाचं वायसर बदललं, दाराची कडी घट्ट केली. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खिडकीशी जाऊन उभा राहिला. तारूने त्याच्या हातात दुसरी चावी ठेवली.

"ही कशाला?" तो म्हणाला.

"रविवारी जेवायला येशील तेव्हा मी भांडी घासत असेन. दार उघडायला कोण येणार?"

गावात आल्यावर तो माझ्याकडे थांबला. मी काही न विचारता कॉफी पुढे ठेवली.

"खोली चांगली आहे," तो म्हणाला. "उजेड येतो. खिडकी पूर्वेला आहे." मग कप फिरवत म्हणाला, "पण आपला किनारा दिसत नाही तिथून. मी नीट बघितलं. मध्ये डोंगर येतो."

"येणारच," मी म्हटलं.

समोर दोन माणसं गळ घेऊन त्याच्या बंद दुकानाच्या काचेतून आत डोकावत होती. रेनोने कॉफीचा शेवटचा घोट घेतला, "आलो रे, आलो!" असं ओरडला आणि रस्ता ओलांडून गेला.